खलाशाला चुकून अटक झाली तर वकिलासोबत काम कसं करायचं?

आजचा विषय कुणालाच नको असलेला, पण माहीत असायलाच हवा असा.

समजा, रात्री जेटीवर मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. तक्रारीत एक नाव आलं. त्या नावाचे दोन खलाशी, दोन वेगळ्या बोटींवर. पोलिसांनी उचलला तो त्या रात्री समुद्रात होता. अख्ख्या जेटीला हे ठाऊक आहे. पण कोर्टासमोर पुरावा जावा लागतो आणि तो नेतो वकील. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत आपण वकिलाला काय देतो, यावर पुष्कळ काही ठरतं.

१) पहिले २४ तास
अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. अटकेची माहिती घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यावी लागते. अटकेची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळायला हवीत, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे ओडिशा, झारखंडचे खलाशी आहेत, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क आहे. कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

वकील करायला पैसे नसतील तर १५१०० या नंबरवर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला, त्याची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच ते आहे.

२) वकील नेमका कुणाचा?
फी बहुतेक वेळा बोटमालक भरतो. पण वकीलपत्रावर सही खलाशाची, तर वकीलही खलाशाचाच. तो वकिलाला जे सांगेल ते गुपित राहतं, मालकालासुद्धा कळवायचं नसतं. याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याच प्रकरणात मालकाचं किंवा तांडेलाचंही नाव आलं असेल, तर दोघांसाठी दोन वेगळे वकील करा. एकाला वाचवताना दुसरा अडकू शकतो.

३) वकिलाला सगळं खरं सांगा
‘तो देवमाणूस आहे’ हे सांगून काही होत नाही. दोन दिवस आधी त्याचं कुणाशी भांडण झालं होतं? प्यायला होता? आधीची केस आहे? हेही सांगा. वकिलाला हे सरकारी वकिलाच्या तोंडून कळलं तर उत्तर द्यायला वेळ राहत नाही. आणि साक्षीदाराला ‘असं बोल’ म्हणून पढवायला जाऊ नका, तक्रारदाराला गाठून दम देऊ नका. निर्दोष माणसाची केस त्यानेच बिघडते.

४) हे लगेच गोळा करा
• बोट कधी सुटली, कधी परत आली याची नोंद, त्या फेरीत कोण कोण होतं त्याची यादी
• डिझेल आणि बर्फाची बिलं, लिलावाची पावती
• बोटीवर ट्रान्सपॉन्डर असेल तर त्याचा रेकॉर्ड
• खलाशाचं आधार कार्ड, बापाचं नाव आणि गाव. एकसारख्या नावांचा घोळ यानेच सुटतो
• जेटीवरचा सीसीटीव्ही. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्यासाठी वकिलाला पहिल्याच दिवशी अर्ज करायला सांगा

मोबाईलमधला फोटो किंवा मेसेज कामाचा असेल तर नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका, फोन जपून ठेवा. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघेल.

५) त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका
‘आमचा माणूस निर्दोष आहे’ म्हणून आपण फोटो फिरवतो. पुढे ओळख परेड झाली तर साक्षीदाराने तो चेहरा आधीच मोबाईलवर पाहिलेला असतो. मग चुकीची ओळख पक्की होऊन बसते. ओळख परेडबद्दल वकिलाला आवर्जून विचारा.

६) फी आणि हिशोब
फी आधी ठरवा, पावती घ्या. ‘काम झालं तरच पैसे’ असा सौदा वकिलाला नियमाने करता येत नाही. ‘वर द्यायचे आहेत’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अर्ज, आदेश, एफआयआर या सगळ्याची एकेक प्रत घरी ठेवा. वकील बदलायचा हक्क आपला आहे, आणि फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय.

७) जामीन म्हणजे केस संपली नव्हे
इथेच आपली माणसं चुकतात. जामीन झाला, १ जूनला मासेमारी बंद झाली, खलाशी गावी गेला, तारीख चुकली, वॉरंट निघालं! मग निर्दोष माणूसही पळपुटा दिसतो. गावी जाण्याआधी किंवा समुद्रात जाण्याआधी जामिनाच्या अटी वकिलाकडून नीट समजून घ्या. पुढची तारीख मालकाने आपल्या वहीतही लिहून ठेवावी.

मालकांनो, आजच एक काम करा. प्रत्येक फेरीला कोण खलाशी गेले ते नाव, बापाचं नाव, गाव आणि सुटायची वेळ यासह वहीत लिहायला लागा. पाच मिनिटांचं काम आहे. उद्या कुणाच्या पोरावर वेळ आली तर वकिलाच्या हातात द्यायला ती वही असेल.

आपल्या खलाशांना हे वाचून दाखवा आणि १५१०० हा नंबर केबिनमध्ये लिहून ठेवा.