डोके वाचले, पण मान?

भिंतीवरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो. पाय ताठ ठेवले तर कळ थेट मस्तकात जाते. असे का व्हावे? जमिनीवर पडताना शरीराचा वेग शून्य होतो. तो जितक्या कमी अंतरात शून्य होईल, तितके बल अधिक. गुडघे वाकल्याने हे अंतर वाढते आणि बल कमी होते.

शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, याच तत्त्वावर काम करते. त्याचे सूत्र असे :

सरासरी बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ (२ × अंतर)

समजा, ५ किलोग्रॅम वस्तुमानाचे डोके सेकंदाला ५ मीटर वेगाने आदळून ५ मिलिमीटर अंतरात थांबले. बल येते १२,५०० न्यूटन. शिरस्त्राणाचे अस्तर दबून हेच अंतर २५ मिलिमीटर झाले, तर बल २,५०० न्यूटन, म्हणजे एक-पंचमांश होते.

मग शिरस्त्राण घातले की खेळाडू निर्धास्त झाला का? अमेरिकेतील फुटबॉलचा अनुभव पाहा. हा खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला प्रतिपक्षाचे खेळाडू धडक देऊन पाडतात. तेथील महाविद्यालयीन सामन्यांत १९३९ साली शिरस्त्राण सक्तीचे झाले. पुढे चामड्याऐवजी कठीण प्लॅस्टिक आले, तोंडापुढे जाळी आली. कवटीचे संरक्षण वाढले. पण डोके सुरक्षित वाटू लागताच काही खेळाडू मान खाली घालून डोक्यानेच धडक देऊ लागले!

मानेच्या सात मणक्यांना स्वाभाविक बाक असतो. वाकलेल्या गुडघ्याप्रमाणे तो थोडाफार धक्का झेलतो. मान खाली घातली की बाक जातो आणि मणके एका रेषेत येतात. धडकेनंतर डोके थांबते, परंतु मागून येणारे धड जडत्वामुळे पुढेच जाते. मधल्या मध्ये मान चेपली जाते. मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाली, तर हातपाय कायमचे लुळे पडतात. १९७६ च्या हंगामात ३४ खेळाडूंवर ही पाळी आली.

त्याच वर्षी शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांत डोक्याने पहिली धडक देण्यास बंदी झाली. १९८४ च्या हंगामात ही संख्या ५ वर आली. शिरस्त्राण काही काढून टाकले नव्हते. बदलली ती धडक देण्याची रीत.

मेंदूलाही शिरस्त्राण पुरते वाचवू शकत नाही. मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. कवटी थांबली तरी तो क्षणभर पुढे सरकतो. डोके गर्रकन फिरले तर पिळवटतो. म्हणून मुलांनो, खेळताना डोक्याला मार लागून गरगरले, मळमळले किंवा काही आठवेनासे झाले, तर ‘काही नाही, खेळतो’ असे म्हणू नका. लगेच खेळ थांबवा, शिक्षकांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.

जाता जाता एक गणित : वरील उदाहरणात वेग सेकंदाला १० मीटर झाला, तर बल २,५०० न्यूटनच राहण्यासाठी अस्तर किती दबले पाहिजे? उत्तर काढा. तेवढे जाड शिरस्त्राण घालून धावता येईल का, याचाही विचार करा.