कुसळ, मुसळ आणि आपली जीभ



रविवारची मिस्सा संपली की आपण देवळाच्या आवारात थोडा वेळ थांबतो, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतो. ही चांगली रीत आहे. पण बोलता बोलता कधी कोणीतरी म्हणते, “नवऱ्याला सोडून माहेरी राहते आणि कम्युनियनला मात्र रांगेत पुढे!” बोलणाऱ्याच्या मनात धर्माची कळकळ असेलही, परंतु ते शब्द आवारात राहत नाहीत. फिरत फिरत त्या भगिनीच्या कानी जातात. मग ती मागच्या बाकावर बसू लागते. पुढे कम्युनियनसाठी उठत नाही. शेवटी मिस्सेला येणेच बंद करते आणि तिच्या लेकरांचा धर्मशिक्षणाचा वर्गही सुटतो. म्हणून दुसऱ्याचा न्याय करण्याविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते ते आज आपण समजून घेऊ या.

१. कृत्य आणि माणूस

डोळ्यातील कुसळ आणि मुसळ यांचा प्रभू येशूचा दाखला (मत्तय ७:१-५) आपल्याला पाठ आहे. पाप हे पाप नाही, असे प्रभू तेथे म्हणत नाही. आधी स्वतःचा डोळा स्वच्छ करा, म्हणजे भावाला मदत करता येईल, असे तो सांगतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ हीच शिकवण पुढे नेतो. एखादे कृत्य गंभीर चुकीचे आहे असे आपण म्हणू शकतो; मात्र माणसाचा न्याय देवाच्या न्यायबुद्धीवर आणि दयेवर सोपवायचा असतो (क्र. १८६१).

याचे कारण सोपे आहे. मरणप्राय पाप घडण्यासाठी तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असणे आणि मनापासून दिलेली संमती (क्र. १८५७). यांतील पहिली गोष्ट कदाचित बाहेरून दिसेल. उरलेल्या दोन अंतःकरणात असतात आणि अंतःकरण फक्त देवालाच दिसते.

२. नियम तरी आपल्याला ठाऊक आहे का?

पुष्कळदा आपण ज्या नियमाच्या आधारे बोट दाखवतो, तो नियमच तसा नसतो. १९८३ च्या कॅनन लॉचे कलम ११५३ पाहा. जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या मनाला वा शरीराला गंभीर धोका असेल, तर पती किंवा पत्नीला वेगळे राहण्यास योग्य कारण मिळते. केवळ वेगळे राहिल्यामुळे कम्युनियनचा मार्ग बंद होत नाही. विवाहसंस्काराशी निष्ठावान राहू पाहणाऱ्या व्यक्तीवर कोर्टाचा घटस्फोट लादला गेला असेल, तर तिने नीतिनियम मोडला असे ख्रिस्तसभा मानत नाही (क्र. २३८६).

घटस्फोटानंतर दुसरा विवाह केलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथेही धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाने पहिला विवाह मुळात वैध नव्हता असा निर्णय दिलेला असू शकतो, आणि तो आपल्याला कळवण्यास कोणीही बांधलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात धर्मगुरूंना अशा कुटुंबांची सोबत करण्यास आणि प्रत्येकाची परिस्थिती निराळी समजून घेण्यास सांगितले. ही बाब त्या व्यक्तीच्या विवेकबुद्धीची आणि तिच्या धर्मगुरूंची आहे. आवारातील घोळक्यात तिचा निकाल लागत नाही.

३. जिभेची तीन पापे

धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४७७) तीन पापे वेगवेगळी सांगतो. पुरेसा आधार नसताना मनात दुसऱ्याला दोषी धरणे, हा उतावळा न्याय. खरा असलेला दोष योग्य कारणाशिवाय, ज्यांना तो माहीत नाही त्यांना सांगणे, ही निंदा. आणि खोटे बोलून दुसऱ्याचे नाव खराब करणे, हा आळ. “मी खरे तेच सांगितले” या सबबीने निंदेचे पाप टळत नाही. शिवाय केवळ पापनिवेदन करून भागत नाही; दुसऱ्याच्या नावाला लागलेला डाग पुसण्याचे कर्तव्यही उरते (क्र. २४८७). ज्यांना आपण सांगितले, त्यांच्याकडे परत जावे लागते.

४. मग गप्प बसायचे का?

नाही. भावाचे चुकत असेल तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगावे, असे प्रभू म्हणतो (मत्तय १८:१५). आपण मात्र त्याला सोडून इतर सगळ्यांना सांगतो! आणि एखाद्या लेकरावर अत्याचार होत असेल तर गप्प बसणे हा दयाळूपणा नव्हे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. दुर्बलाला वाचवण्यासाठी बोलणे म्हणजे निंदा नव्हे.

कुटुंबात चिंतनासाठी

• आपल्या बोलण्यामुळे देवळात येणे कमी केलेले कोणी आपल्या वाडीत आहे का?
• ज्याच्याविषयी आपण बोलतो, त्याच्याशी आपण शेवटचे कधी बोललो?

या आठवड्याचा संकल्प

दुसऱ्याच्या बोलण्याचा आणि वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ घेऊ या (क्र. २४७८). देवळात येणे सोडलेल्या एका घरी जाऊ या. उपदेश न करता, नुसती चौकशी करायला. आणि पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी आपल्या बाकावर जागा राखून ठेवू या.