थ्रॉटलचा दांडा जागेवर का राहत नाही?

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असे तुम्हांला वाटेल. परंतु वारा पडला की शीड लुळे पडते. आणि अरुंद बंदरात शिरताना किंवा धक्क्याला लागताना केवळ वाऱ्यावर विसंबून चालत नाही. म्हणून प्रवासाच्या बहुतेक शिडाच्या बोटींवर एक लहान डिझेल इंजिन असते. त्याचा वेग एका दांड्याने कमीजास्त करतात. हाच थ्रॉटलचा दांडा. तो ठेवला तेथेच राहिला पाहिजे, कारण चालवणाऱ्याचे हात सुकाणू आणि दोर यांत गुंतलेले असतात.

कधी कधी मात्र हात काढताच दांडा हळूहळू मागे सरकतो. ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध बंदरात शिरताना असे झाले तर धोका संभवतो. सुकाणू काम करते ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. इंजिन मंदावले की हा जोर घटतो, बोट सुकाणूला जुमानत नाही आणि प्रवाहाबरोबर खडकाकडे ढकलली जाऊ शकते.

दांडा कशामुळे सरकतो?

दांड्यापासून इंजिनापर्यंत एक तार जाते. सायकलच्या ब्रेकप्रमाणे ती बाहेरच्या नळीतून सरकते. पण ही तार ओढताही येते आणि ढकलताही येते. इंजिनाच्या बाजूला अनेकदा एक स्प्रिंग असते. ती तारेला सतत मंद वेगाच्या दिशेने ओढते. या ओढीला अडवते ते घर्षण. बऱ्याच बनावटींत दांड्याच्या आसाशी एक चकती असते व ती स्क्रूने दाबून धरलेली असते.

एक उदाहरण घेऊ. तारेची ओढ २० न्यूटन आहे आणि तार आसापासून ४ सेंटिमीटरवर जोडली आहे. दांडा फिरवू पाहणारे परिबल (बल × अंतर) = २० × ०.०४ = ०.८ न्यूटन-मीटर. चकतीवरील घर्षण आसापासून सरासरी २ सेंटिमीटरवर लागते असे धरू. तेवढेच परिबल मिळवण्यास ०.८ ÷ ०.०२ = ४० न्यूटन घर्षण हवे. कोरड्या चकतीचा घर्षण-गुणांक ०.४ असेल, तर दाब ४० ÷ ०.४ = १०० न्यूटन लागेल. आता चकतीवर तेल पडून गुणांक ०.१ झाला, तर त्याच दाबाने घर्षण मिळेल फक्त १० न्यूटन. दांडा सरकणारच! (तारेचे घर्षण येथे सोडून दिले आहे.)

यात इंजिनाच्या कंपनांची भर पडते. प्रत्येक हादऱ्यात चकतीवरचा दाब क्षणभर कमी होतो व दांडा किंचित घसरतो. मिनिटाला १८०० फेऱ्या आणि दर फेरीला मिलिमीटरचा फक्त हजारावा भाग धरला, तरी मिनिटात १.८ मिलिमीटर घसरण होते! म्हणून घर्षण हिशेबापेक्षा बरेच जास्त, समजा दुप्पट, ठेवावे लागते.

घर्षण पृष्ठभागांवरील दाबाच्या प्रमाणात असते, हे आमाँताँ याने १६९९ साली मांडले. पुढे कुलाँब याने रोशफोर येथील जहाजांच्या गोदीत घर्षणाचे सविस्तर प्रयोग केले. त्याबद्दल १७८१ साली त्याला पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. विद्युत्‌भारांचा नियम सांगणारा कुलाँब तो हाच.

आधी निदान, मग दुरुस्ती

स्क्रू पिळण्यापूर्वी एक निरीक्षण करा: वेग उतरताना दांडा हलतो का?

दांडा जागच्या जागी असून वेग उतरत असेल, तर चकतीचा दोष नाही. तारेची बाहेरची नळी पकडणारी पट्टी सैल झाली असेल. नळीच सरकली, तर आतली तार धरून काय उपयोग? पट्टी घट्ट असेल, तर डिझेलचा गाळणा तुंबला आहे का, किंवा नळीत हवा शिरली आहे का, ते पाहावे.

दांडा सरकत असेल, तर घर्षण अपुरे आहे. इंजिन बंद करून चकती उघडावी, स्पिरिटने पुसून कोरडी करावी, झिजली असल्यास बदलावी. मग स्क्रू थोडा थोडा आवळत जावे. शेवटी बोट धक्क्याला बांधून आणि गिअर सोडवून इंजिन चालू करावे व दांडा टिकतो का ते पाहावे. गंमत अशी, की जुनी, खरखरीत तार बदलून नवी घातल्यावरही हा दोष उद्भवू शकतो, कारण जुन्या तारेचे घर्षणच दांडा धरून ठेवत होते!

स्क्रू वाटेल तितका आवळणेही बरे नव्हे. वरील उदाहरणात घर्षणाचे परिबल १.६ न्यूटन-मीटर केले व दांडा २० सेंटिमीटर लांब असला, तर वेग वाढवण्यास (१.६ + ०.८) ÷ ०.२ = १२ न्यूटन बल लागते; कमी करण्यास (१.६ − ०.८) ÷ ०.२ = ४ न्यूटन पुरते. संकटात वेग झटकन कमी करता आलाच पाहिजे.

स्क्रूखाली स्प्रिंग असेल तर उत्तम. चकती ०.१ मिलिमीटर झिजली तर नुसत्या बोल्टचा दाब जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. पण ५ मिलिमीटर दाबलेल्या स्प्रिंगचा दाब त्यामुळे फक्त २ टक्क्यांनी उतरतो.

करून पाहा

लाकडी फूटपट्टीला एका टोकाशी भोक पाडून ती नट-बोल्टने उभ्या फळीवर आडवी बसवा. मध्ये चामड्याचा वॉशर घाला. दुसऱ्या टोकाला लहान वजन टांगा आणि पट्टी जेमतेम स्थिर राहील इतकाच नट आवळा. आता फळीवर बोटांनी टकटक करा. पट्टी खाली येऊ लागेल. वॉशरला तेलाचे दोन थेंब लावून, नट तेवढाच आवळून पुन्हा पाहा.

यंत्र बिघडले की तेलाची बुधली उचलण्याची आपल्याला सवय असते. येथे तेल सांध्याला हवे, चकतीला नको.

विचार करा : १) ट्रॅक्टरचा हाताने लावायचा थ्रॉटल जागेवर राहतो, पण मोटारसायकलची मूठ सोडताच परत फिरते. असे का केले असेल? २) वरील उदाहरणात तार आसापासून २ सेंटिमीटरवर जोडली, तर किती दाब पुरेल? त्यामुळे तोटा कोणता होईल?