संगणकीय हस्तलिखितांची सुरक्षा : रिव्हर्स प्रॉक्सी आणि व्हीपीएन

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयाचा उगम नायक राजांच्या काळातील आहे. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी ते समृद्ध केले व १९१८ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले. तेथे संस्कृत, तामिळ, मराठी व तेलुगू हस्तलिखितांबरोबर मोडी कागदपत्रेही आहेत. अशा संग्रहांच्या संगणकीय प्रती तयार झाल्यावर जतनाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. अभ्यासकाला प्रत दिसावी. परंतु मूळ साठा सुरक्षित राहावा.

रिव्हर्स प्रॉक्सी

हस्तलिखितांच्या ग्रंथालयात वाचक कोठीत जात नाही. कर्मचारी मागणीचिठ्ठी पाहून पोथी आणून देतो. रिव्हर्स प्रॉक्सीचे कार्य असेच असते. इंटरनेटवरून आलेली मागणी ती स्वीकारते, तपासते व योग्य असल्यास अंतर्गत सर्व्हरकडे पाठवते. त्यामुळे अंतर्गत सर्व्हरचा बाहेरच्यांशी थेट संबंध येत नाही. सांकेतिकीकरण, मागण्यांवर मर्यादा व नोंदी ही कामे एकाच ठिकाणी होतात. मात्र अंतर्गत सर्व्हरने केवळ प्रॉक्सीकडून आलेल्या मागण्या स्वीकाराव्यात, अशी फायरवॉलची व्यवस्था हवी. अन्यथा आडवाट उघडीच राहते. अंतर्गत सॉफ्टवेअरमधील दोष प्रॉक्सीमुळे नाहीसे होत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

व्हीपीएनची निवड

सूचीकार व तंत्रज्ञ यांना साठ्यात फेरबदल करावे लागतात. ते बाहेरगावाहून काम करत असल्यास सार्वजनिक इंटरनेटवरून सांकेतिक मार्ग देणारे व्हीपीएन उपयोगी पडते. वैयक्तिक वापरासाठी विकल्या जाणाऱ्या व्हीपीएन सेवा वापरकर्त्याचा पत्ता संकेतस्थळांपासून लपवतात. संस्थेच्या जाळ्यात प्रवेश देणे हे त्यांचे काम नव्हे. त्यासाठी संस्थेच्या नियंत्रणाखालील व्हीपीएन हवे. दोन कार्यालये जोडण्यास आयपीसेक सोयीचे आहे. ओपनव्हीपीएन निर्बंध असलेल्या जाळ्यांतूनही बहुधा चालते. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले वायरगार्ड आटोपशीर व वेगवान आहे. परंतु त्यात बहुघटक प्रमाणीकरणाची सोय वेगळी करावी लागते.

ब्रिटिश लायब्ररीचा धडा

ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला. ग्रंथालयाच्या मार्च २०२४ च्या अहवालानुसार घुसखोरीची पहिली खूण दूरस्थ प्रवेशासाठी ठेवलेल्या सर्व्हरवर आढळली. तेथे बहुघटक प्रमाणीकरण नव्हते. मुख्य ग्रंथसूची जानेवारी २०२४ मध्ये, तीही केवळ पाहण्यापुरती, पुन्हा उपलब्ध झाली.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब अन्वये 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय यंत्रणा कार्य करते. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

सारांश, वाचकांसाठी रिव्हर्स प्रॉक्सी आणि कर्मचाऱ्यांसाठी बहुघटक प्रमाणीकरणासह व्हीपीएन, असे दोन स्वतंत्र मार्ग आखावेत. जाळ्यापासून अलग ठेवलेली आणखी एक प्रतही असावी. हल्ला झालाच तर संग्रह तिच्याच आधारे पुन्हा उभा करता येतो.