हस्त सरल्यावर

माण-खटावच्या पट्ट्यात वर्षाचा निकाल आश्विनात लागतो. हस्ताचा पाऊस झाला का, विहिरीला किती परस पाणी चढलं, शाळूची पेर साधली का, हे तेव्हा कळून चुकतं. याच दिवसांत माणसाला गाण्याचीही ओढ लागते. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात एका जुन्या वाड्यात आम्ही काही जण मिळून आश्विन-कार्तिकात रात्री गायन, भारूड, शाहिरी, तमाशा आणि दिवसा माती, पाणी, बियाणं यांचे वर्ग असा हंगाम चालवतो. आसपास असं काही करू पाहणारी तरुण मंडळी हल्ली विचारायला येतात. त्यांना तोंडी जे सांगते, तेच इथं लिहिते आहे. बाकी सगळं वेगवेगळं असलं तरी मला मनापासून पटलेली गोष्ट एकच आहे: असा हंगाम गावाच्या कालगणनेवर चालला तरच टिकतो.

१. तिथी धरा

औंध आमच्या तालुक्यातलंच. तिथं आश्विन वद्य पंचमीला संगीत महोत्सव होतो. अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली तो सुरू केला. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी आणि त्यांच्या शिष्यपरिवारानं तो सांभाळला. देशभरातले मोठे गवई यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन गाऊन गेले आहेत. या महोत्सवाची मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे त्याची पंचमी. कोजागरी झाली की पाचव्या दिवशी औंध, हे ज्याला ठाऊक आहे त्याला निमंत्रणाची गरज उरत नाही. वार कुठलाही येवो.

आम्हाला शहरातल्या मित्रांनी फार आग्रह केला होता, की शनिवार-रविवार धरा, पुण्या-मुंबईची माणसं येतील. आम्ही तिथीच धरली. शनिवार-रविवार हे नोकरदाराचं सोयीचं माप आहे. गुरं असलेल्या घराला रविवार नसतो, आणि आमच्याकडं बाजाराचा दिवस वेगळाच असतो. सांगलीची गोष्ट निराळी. तिथं विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून दरवर्षी ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. तारीख इंग्रजी असली तरी ती आता सांगलीकरांच्या अंगवळणी पडली आहे. तिथी असो वा तारीख, ती दरसाल बदलायची नाही, एवढं पथ्य पाळावं.

औंधाबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करायचे, चित्रं काढायचे. देशोदेशीच्या कलावस्तूंचं भवानी संग्रहालय त्यांनीच उभारलं. याच राजानं १९३९ साली आपल्या ७२ गावांच्या संस्थानात राज्यकारभार रयतेच्या हाती दिला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. तिथले कैदी गजांआड न राहता शेती करतात. कला, शेती आणि गावाचा कारभार ही तीन खाती त्या माणसानं वेगळी मानली नाहीत. आम्ही छोट्याशा वाड्यात जे करू पाहतो त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

२. दिवस शेताचा आहे, उरलेला आपला

सकाळी डेअरीला दूध घालून माणसं मोकळी झाली की तासभर, आणि दुपारी बायकांची भांडी-धुणी आटोपली की तासभर, एवढाच वर्ग ठेवावा. पेर लांबली तर वर्ग पुढं ढकलावा. आमच्या गावातले एक म्हातारबाबा एकदा पाभरीवरून उतरले नाहीत. मला म्हणाले, “वल हाय तवर पेरून घ्यायला पायजे, ताई. गाणं रातीला हायच की.” ते बरोबरच होतं. टिकाऊ शेतीवर भाषण ऐकण्यासाठी कुणी ओल घालवू नये.

३. तंबोऱ्यापासून सुरुवात करा

माती-पाण्याचा वर्ग म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शाळेचा कंटाळा येतो. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी मधे तंबोरा ठेवतो आणि विचारतो, हा कुठल्या शेतात पिकला?

मिरजेचा तंबोरा देशभर जातो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हा उद्योग उभा केला तो शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी. त्यांतल्या फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पण त्या वाद्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो पंढरपूरच्या बाजूनं, भीमेच्या काठच्या शेतांतून. तिथला शेतकरी हा जाड सालीचा भोपळा वेलावरच पुरता पिकू देतो. मग तो महिनोन्‌महिने वाळतो. कारागीर तो पाण्यात भिजवून मऊ करतो, आतला गर आणि बिया काढतो, कडा ताणून आकार देतो आणि पुन्हा वाळवतो. दांडीला तुणीचं लाकूड. शेवटी घोडीवर जवारी लावली जाते, आणि ती लावणारा कान तयार व्हायला निम्मं आयुष्य जातं.

आता यातून वर्ग आपोआप सुरू होतो. अवकाळी पावसात भोपळा वेलावर कुजला तर काय होईल? त्या शेतकऱ्यानं उसाला जास्त पैसा आहे म्हणून भोपळा सोडला तर? तुणीची झाडं कुठून येणार? औंधच्या पंचमीला कुणी बडा गवई षड्ज लावतो तेव्हा त्याच्यामागं भीमाकाठच्या एका शेतकऱ्याची दोन हंगामांची मेहनत वाजत असते, हे पोरांना समजलं की ती बियाण्याबद्दल स्वतःहून विचारायला लागतात. एका मुलीनं विचारलं होतं, “मग आपल्या रानात का लावत न्हाई?” तिच्या घरच्यांनी बांधाला वेल लावलाही. फळं लहान आली, तंबोऱ्याजोगी नव्हती. पण माती आणि पाणी बदललं की फळ का बदलतं, हे तिला वहीशिवाय कळलं.

४. पाणी वाटायचं कसं, हे सांगितल्याशिवाय वर्ग संपवू नका

सातारा जिल्हा एकच. त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला आमच्याकडं पाचशे मिलिमीटर म्हणजे बरं वर्ष. त्यामुळं पाणी अडवा, जिरवा हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. न शिकवलेलं राहतं ते पुढचं: अडलेलं पाणी कुणाचं?

याचं उत्तर लांब शोधायला नको. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर, बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण बांधलं. मुंबईत १९८२चा गिरणी संप झाला आणि या भागातले कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. पात्रातली वाळू मात्र ठेकेदारांच्या गाड्यांतून रोज चाललेली. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते आणि गावकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. आमच्या नदीच्या वाळूचा थोडा वाटा आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून धरण बांधतो, ही त्यांची मागणी होती. के. आर. दाते यांच्यासारखा जाणता अभियंता पाठीशी उभा राहिला. धरण झालं, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नियम झाले. पाणी जमिनीच्या एकरावर न देता माणसांच्या संख्येवर द्यायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही.

मी हे प्रत्येक हंगामात सांगते, आणि दरवेळी बैठकीत शांतता पसरते. कारण ऐकणाऱ्यांत बागाईतदारही असतात. टेंभू उपसा योजनेचं पाणी ज्या रानांत आलं तिथं लोकांचे दिवस पालटले, त्याचा मला आनंद आहे. पण कृष्णाकाठी अति पाण्यानं क्षारपड होऊन पांढऱ्या पडलेल्या जमिनीही आम्ही पाहिल्या आहेत. दुष्काळी गावातल्या माणसाला त्या रानात नेऊन उभं करावं. पाणी आल्यावर काय करायचं, हे पाणी यायच्या आधी बोललं तरच बोलणं होतं. एकदा पाट वाहू लागला की ऐकायला कुणी थांबत नाही.

५. हाताला काम द्या, तेही ऋतू पाहून

कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६ साली जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं, आणि २०१८ला माणमधलं टाकेवाडी. दोन्ही गावं उन्हाळ्यात श्रमदानाला उतरली. खोदकाम उन्हाळ्यातच करावं. पण आखणीचा अभ्यास आश्विनात करावा, असं माझं ठाम मत आहे. पावसाच्या खुणा तेव्हा ताज्या असतात. कुठला बांध फुटला, ओघळ कुठून वळली, गाळ कुठं साचला, हे जमीन स्वतः दाखवते. पारदर्शक नळीत पाणी भरून ती दोन काठ्यांना बांधली की समतल रेघ सापडते. हे साधन चौथीच्या पोरालाही वापरता येतं. पाचगणीकडं ‘ग्रामपरी’ या संस्थेनं डोंगरातले झरे मुखाशीच बंदिस्त करून पाणी स्वच्छ राखायचं काम गावोगावी केलं आहे. तेही वर्गातल्यांनी जाऊन, हात लावून बघावं.

६. गर्दी मोजू नका

कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा घालावी लागली. फुलं तुडवली जात होती. तसंच वाड्यातही मावतील तेवढीच माणसं घ्यावीत. जेवण, पाणी आणि शौचालय जेवढ्यांना पुरेल तेवढाच आपला कार्यक्रम मोठा.

७. तमाशाला पुढच्या दारानं आणा

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथंच आमचा सगळ्यात जास्त वाद झाला. शास्त्रीय गायनाला गावातली प्रतिष्ठित मंडळी पुढं बसायची, आणि तमाशाचं नाव काढलं की तीच मंडळी म्हणायची, तो जत्रेत बरा.

पण हा मुलूखच तमाशाचा आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, १९२० साली जन्मलेले. त्यांनी लोकनाट्याच्या रूपात कामगारांचं जगणं मुंबईच्या चाळीचाळीत नेलं. काळू-बाळू कवलापूरचे. विट्यात आजही फडांचे लोक सुपाऱ्या घ्यायला बसतात. दसऱ्याला हंगाम सुरू होतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत. म्हणजे आमचा आश्विन हा फडाच्या वर्षाचा पहिला महिना. कलावंतांनी उचल घेतलेली असते, कनाती-राहुट्यांना पैसा लागलेला असतो, आणि जत्रांचं पीक तर चैत्र-वैशाखात. अशा वेळी मिळालेली एक सुपारी फडाला फार आधार देते.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. गवयाला आणि फडाला मानधन एकाच पद्धतीनं, कार्यक्रमाच्या आधी द्यायचं. दोघांचं जेवण एकाच पंगतीत. आणि तमाशाच्या रात्री बायकांना पुढची जागा. पहिल्या वर्षी पुढच्या रांगा अर्ध्या रिकाम्या होत्या. आता सासवा सुनांना घेऊन येतात.

वर्गालाही याचा उपयोग झाला. बतावणीत सोंगाड्यानं बोअरवर बोअर मारणाऱ्या गड्याचा जो पंचनामा केला, तो माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा खोल गेला. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. सोंगाड्याची रीतही तीच. मात्र कलावंताच्या हातात आपलं भाषण देऊन ते म्हणायला लावू नये. विषय सांगावा, आपली अडचण सांगावी आणि बाजूला व्हावं. त्यांना प्रेक्षक आपल्यापेक्षा जास्त कळतो.

८. टोळ्या निघायच्या आत

दसरा-दिवाळीच्या सुमारास माण, आटपाडी, जत इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोराबाळांसह कारखान्यांच्या रानांत जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाण्याची सगळ्यात जास्त झळ ज्यांना बसते तेच लोक गावात पाण्यावर बोलणं चालतं तेव्हा गावात नसतात. म्हणून आमचा पहिला दिवस दसऱ्याच्या आधी असतो आणि तो त्यांचा असतो. त्या दिवशी उचलीचा हिशेब कसा लिहून ठेवायचा ते सांगतो, पोरांना मागं ठेवायचं तर कुणाकडं, ते बसून ठरवतो, रात्री त्यांच्या पसंतीचं भारूड असतं. आणि गावतळ्याच्या पाण्याच्या पाळ्यांची यादी आम्ही त्याच दिवशी चावडीवर मोठ्यानं वाचतो. बलवडीसारखी माणशी वाटणी आमच्या गावानं अजून मान्य केलेली नाही, त्यासाठी आमचं भांडण चालू आहे. पण एवढं मान्य झालं आहे, की यादीत टोळीबरोबर जाणाऱ्या घरांची नावं राहतील, आणि ती परत येईपर्यंत त्यांची पाळी दुसऱ्या कुणाच्या नावावर चढणार नाही. त्यावर गावातल्या सगळ्या आळ्यांच्या माणसांच्या सह्या आहेत. पुढच्या आश्विनात माणशी वाटणीचा ठराव ग्रामसभेत पुन्हा मांडायचा आहे, आणि तो टोळ्या गावात असतानाच मांडायचा आहे.