इंजिनचा दोष कंपनीचा, मग खर्च कोणाचा?

वॉरंटी संपून जेमतेम काही महिने झालेले असतात आणि गाडीचे इंजिन ऑइल प्यायला लागते, नाहीतर टायमिंग चेन खडखडू लागते. दारव्ह्याहून चाळीसेक किलोमीटर टोचन करून गाडी यवतमाळच्या वर्कशॉपला न्यावी, तर लाखाच्या वरचे एस्टिमेट हातात पडते. तेवढ्यात एखादा मिस्त्री हळूच सांगतो, "या मॉडेलला हा प्रॉब्लेम येतोच, कंपनीला माहीत आहे." ऐकून हायसे वाटते, पण एवढ्या बोलण्यावर कंपनीकडून छदामही मिळत नाही. कंपनीला दोष माहीत आहे आणि तुमच्या चेसिस नंबरच्या गाडीत तोच दोष आहे, या दोन गोष्टी कागदावर एकत्र आल्या की खर्चाची बोलणी सुरू होतात. ते कागद कसे जमवायचे, त्याला किती पैसे लागतात आणि कुठे थांबायचे, याचा हा हिशेब.

कंपनीने दोष कबूल केला आहे का?

सगळ्यात सोपे प्रकरण रिकॉलचे. कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या असतील तर ती दुरुस्ती फुकट होते आणि वॉरंटी संपल्याची सबब चालत नाही. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेपर्यंत डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारखान्यात एका ठरावीक दिवशी आलेले इंधन दूषित असल्याने इंजिनचे भाग लवकर झिजतील, अशी शंका होती. या गाड्या २१ जून ते २ जुलै २०२१ या बारा दिवसांत तयार झालेल्या होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्टसाठी बोलावल्या गेल्या. त्या ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० दरम्यान बनलेल्या. एप्रिल २०२१ मध्ये होंडाने ७७,९५४ गाड्यांचे फ्युएल पंप बदलायला घेतले, कारण सदोष पंपामुळे इंजिन बंद पडण्याचा धोका होता.

म्हणजे रिकॉल सरसकट मॉडेलला लागू होत नाही. तो ठरावीक तारखांच्या गाड्यांना लागू होतो. शेजाऱ्याची तशीच गाडी फुकट दुरुस्त झाली म्हणून तुमचीही होईल असे नाही. आरसी बुकवरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानात टाकून पाहा. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरही स्वेच्छेने केलेल्या रिकॉलची माहिती असते. खर्च शून्य.

दुसरी पायरी सर्व्हिस कॅम्पेनची. इथे कंपनी जाहीर काही बोलत नाही. फक्त डीलरला सूचना जाते, की अमुक तक्रार घेऊन गाडी आली तर सुधारित भाग बसवा. ग्राहकाने विचारले नाही तर बहुधा कोणी सांगत नाही. म्हणून डीलरला ई-मेलवर एकच प्रश्न विचारा: "या चेसिस नंबरवर रिकॉल, सर्व्हिस कॅम्पेन किंवा एखाद्या भागाची वाढीव वॉरंटी लागू आहे का?" उत्तर "नाही" असे आले तरी ते लेखी असू द्या. एस्टिमेटमधल्या भागाचा पार्ट नंबर जुन्या भागापेक्षा वेगळा असेल, तर तो का बदलला हेही विचारा. नुसता नंबर बदलल्याने दोष सिद्ध होत नाही, पण प्रश्नाला वजन येते.

तिसरी पायरी नुसत्या चर्चेची. तुमच्याच मॉडेलचे, त्याच वर्षाचे गाडीमालक शोधा आणि त्यांच्या जॉब कार्डच्या प्रती मागा. तक्रार, किलोमीटर आणि बदललेला भाग जुळला, तर चर्चेचा पुरावा होऊ लागतो.

सक्तीच्या रिकॉलचा कायदाही आपल्याकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारी वाहन पोर्टलवर नोंदवता येते. तक्रारी ठरावीक संख्येच्या वर गेल्या की चौकशी होते आणि कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. मात्र हा कायदा रस्त्यावरच्या सुरक्षेचा आणि पर्यावरणाचा आहे. इंजिन ऑइल पिते, एवढ्यावर तो हलेलच असे नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद पडत असेल तर ते त्याच शब्दांत लिहा. तक्रारीने तुमचे बिल चुकत नाही, पण नोंद वाढते.

इंजिन खोलण्याआधी

नुकसान बहुतेकदा इथेच होते. गाडी गावातल्या गॅरेजला खोलली, मग जमेना म्हणून वर्कशॉपला नेली, की कंपनीला आयते उत्तर मिळते: "बाहेर खोललेले इंजिन." संशय आला तर गाडी बंद ठेवा, टोचन करून अधिकृत वर्कशॉपलाच न्या आणि टोचनची पावती जपून ठेवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोचनचे पैसे वाचतात. खुद्द इंजिनच्या बिघाडाचा क्लेम मात्र नेहमीच्या विम्यात बसत नाही. जादा पैसे भरून घेतलेले इंजिन संरक्षण प्रामुख्याने पाणी शिरणे, ऑइल गळणे अशा प्रसंगांसाठी असते.

वर्कशॉपमध्ये जॉब कार्डवर काय लिहिले जाते ते पाहा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर घाईत "पिकअप कमी, चेक करणे" एवढेच खरडतो. त्यावर सही करू नका. त्याच ओळीत असे लिहून घ्या: "सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढून धातूचा खडखडाट, ६२,४०० किमीला ऑइल भरले, ६३,३०० किमीला डिपस्टिकवर खालच्या खुणेच्याही खाली, बाहेर गळती नाही." पहिल्या वाक्यावरून उद्या काहीही सिद्ध होत नाही. दुसऱ्यावरून तज्ज्ञ बोलू शकतो. ऑइल पिण्याची तक्रार असेल तर वर्कशॉपकडून ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागा: ऑइल मोजून भरतात, झाकण सील करतात आणि ठरावीक अंतर चालवून पुन्हा मोजतात.

इंजिन खोलायची परवानगी लेखी द्या आणि तीन अटी घाला: खोलण्याची मजुरी किती, दोष कंपनीचा ठरला तर ती कोण भरणार, आणि खोलताना फोटो काढू देणार का. काढलेले जुने भाग कंपनीचा निर्णय होईपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका.

सर्व्हिसचा इतिहासही आत्ताच जमवा. दारव्ह्यासारख्या गावात वॉरंटी संपल्यावर ऑइल बदलायला कोणी यवतमाळला जात नाही, हे उघड आहे. पण बाहेर केलेल्या प्रत्येक सर्व्हिसचे बिल हवे आणि त्यावर ऑइलचा ग्रेड, तारीख व किलोमीटर हवेत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला, त्या आदेशात बाहेरच्या गॅरेजला गेल्यामुळे सरसकट वॉरंटी रद्द करण्यावरही बोट ठेवले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. त्यामुळे पत्रात त्याचा उल्लेख करा, भिस्त मात्र स्वतःच्या बिलांवर ठेवा.

'७० टक्के गुडविल' म्हणजे किती?

वॉरंटी संपलेल्या गाडीला कंपनी स्वखुशीने सवलत देते, तिला वर्कशॉपच्या बोलीत गुडविल म्हणतात. हा तुमचा हक्क नाही, पण मागितल्याशिवाय मिळतही नाही. गाडीचे वय, किलोमीटर आणि सर्व्हिसची नोंद पाहून टक्का ठरतो. टक्का कशावर, हे मात्र आधी विचारा.

समजा एस्टिमेट असे आहे: सुटे भाग १,२०,००० रुपये, मजुरी २५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २६,१०० रुपये, एकूण १,७१,१०० रुपये. कंपनी म्हणते, "७० टक्के आम्ही देतो." पण ती टक्केवारी फक्त भागांवर असेल, तर भागांचे ३६,००० आणि मजुरीचे २५,००० मिळून ६१,००० रुपये आणि त्यावर जीएसटी १०,९८०, म्हणजे ७१,९८० रुपये तुमच्याच खिशातून जातात. तुमचा वाटा ३० टक्के नसून ४२ टक्के झाला. म्हणून पहिली मागणी मजुरीच्या माफीची करा. मजुरी माफ झाली की याच उदाहरणात तुमचे २९,५०० रुपये वाचतात. एस्टिमेट जुने असेल तर कराचा दरही तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी अनेक भागांवर २८ टक्के होता.

पत्र कोणाला, कसे?

एक प्रत डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला, एक कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला आणि एक नोंदणीकृत कार्यालयाला. ई-मेल कराच, शिवाय पोच मिळेल अशी स्पीड पोस्टही करा. पत्र एका पानाचे असावे: चेसिस नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, दोष कधी दिसला, वर्कशॉपचे निदान, हाच दोष इतर गाड्यांत असल्याचे पुरावे, नेमकी मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत. "न्याय मिळावा" असे मोघम लिहू नका. "शॉर्ट ब्लॉक (इंजिनचा खालचा मुख्य भाग) व मजुरीचा पूर्ण खर्च कंपनीने करावा" असे लिहा.

उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे आणि मराठीतूनही बोलता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही. तक्रार कंपनीच्या संबंधित अधिकाऱ्यापर्यंत पोचवते. गुडविलचा टक्का वाढायला कधीकधी तेवढेही पुरते.

ग्राहक आयोगात जायचे तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी नागपुरात घेतली असो, कंपनी दिल्लीची असो वा चेन्नईची; दारव्ह्याच्या ग्राहकाला यवतमाळ जिल्हा आयोग पुरे. शुल्क दुरुस्तीच्या बिलावर न ठरता गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते:

– ५ लाखांपर्यंत: शुल्क नाही
– ५ ते १० लाख: २०० रुपये
– १० ते २० लाख: ४०० रुपये
– २० ते ५० लाख: १,००० रुपये

आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले आणि तिथे तडजोड झाली तर शुल्क परत मिळते. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. व्हिडिओवरून सुनावणीची विनंतीही करता येते. कायद्यातली मुदत तीन महिने, तांत्रिक तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त काळ धरून चला. गाडी टॅक्सीसाठी असेल तर ती स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतल्याचे तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर "व्यापारी हेतू" म्हणून तक्रार उडू शकते.

खरा खर्च तज्ज्ञाचा. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग योग्य संस्थेकडून तपासणी करवतो आणि तिचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. हा खर्च टाळायला जाऊ नका. इंजिनच्या आवाजाच्या तक्रारीवरून फियाटविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतंत्र तज्ज्ञाच्या मतावरच गाडीच्या किमतीचा परतावा अवलंबून ठेवला होता.

मागणी बेताची ठेवा. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सदोष भाग बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. इंजिनचा प्रश्न असेल तर इंजिन मागा. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा आणि कोणाची चूक कोणती हे वेगवेगळे लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या फसवणुकीसाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही, कारण कंपनीचा त्यात हात असल्याचे दाखवलेच नव्हते.

आणखी एक खाचखळगा. नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचे प्रकरण आहे आणि अनेक जण त्यावरच तक्रार रचतात. पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. इंजिन फुटून कोणी जखमी झाले तर ते प्रकरण कामाचे. इंजिनच्याच खर्चासाठी तक्रार 'वस्तूतील दोष' म्हणून करा आणि दोष दूर करणे, भाग बदलणे किंवा भरपाई मागा.

एकाच दोषाचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रार करता येते. अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या थीटा-२ इंजिनांना वाढीव वॉरंटी मिळाली, त्यामागे असेच सामूहिक दावे होते. तज्ज्ञाचा खर्चही वाटला जातो.

कुठे थांबायचे?

वरच्या उदाहरणात तुमच्या वाट्याला ७१,९८० रुपये आले. कंपनीने मजुरी सोडली आणि भागांचा वाटा ९० टक्के केला, तर करासह फक्त १४,१६० रुपये उरतात. तेवढ्यासाठी गाडी वर्षभर वर्कशॉपच्या आवारात उभी ठेवण्यात अर्थ नाही. उलट कंपनीने हात झटकले असतील आणि तुमच्याकडे नीट भरलेले जॉब कार्ड व सर्व्हिसची बिले असतील, तर ५ ते १० लाखांच्या गाडीसाठी २०० रुपयांच्या शुल्कात तक्रार करून पाहणे परवडते.

तडजोड करताना तीन गोष्टी लेखी घ्या: नव्या इंजिनला किंवा भागाला किती महिन्यांची व किलोमीटरची वॉरंटी, तोच दोष पुन्हा आला तर खर्च कोणाचा, आणि जुन्या नुकसानीचा दावा तुम्ही सोडत आहात का. "सर्व तक्रारी मिटल्या" असा छापील मजकूर असेल तर गाडी ताब्यात घेऊन चालवून पाहिल्याशिवाय सही करू नका. आणि बोलणी कितीही गोडीची चालली असली तरी तारीख विसरू नका: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जावे लागते, आणि नुसत्या ई-मेलच्या देवाणघेवाणीने ती मुदत वाढत नाही.