कर्करोगाचे उपचार, हृदय आणि चालणे



घरात कर्करोगाचा रुग्ण असला की सर्वांचे एकच सांगणे असते, “आई, तू खाटेवरून उठू नकोस.” ही माया खरी, पण हृदयाला ती मानवत नाही.

१९६६ साली अमेरिकेतील डल्लास येथे पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथाईहून अधिक घटली. पुढे व्यायामाने ती भरून निघाली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना तपासले, तेव्हा वाढत्या वयाने केलेले नुकसान त्या वीस दिवसांपेक्षा कमीच भरले! तरुणांची ही गत, तर उपचारांनी थकलेल्या शरीराचे काय?

त्यात काही औषधे थेट हृदयावर घाव घालतात. स्तनाच्या कर्करोगात देतात ते लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. एकूण मात्रा वाढेल तसा धोका वाढतो. ट्रास्टुझुमॅबने हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती कमी होऊ शकते, मात्र औषध थांबविल्यावर ती बहुधा सुधारते. छातीच्या डाव्या बाजूस दिलेल्या किरणांचा परिणाम तर कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली टू-डी इको तपासणी चुकवू नये. व्यायाम हा तिला पर्याय नव्हे. व्यायामाने थकवा कमी होतो, दम वाढतो, रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. हृदयावरचा भार हलका होतो तो असा.

डॉक्टरांना विचारून दहा मिनिटे चालण्यापासून आरंभ करावा. हळूहळू आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास, आणि उपचार संपल्यावर आठवड्याला १५० मिनिटे. चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. केमोनंतरच्या अशक्त दिवसांत घरातल्या घरात दोन फेऱ्या झाल्या तरी चालेल.

ताप असेल, रक्तातील प्लेटलेट फार उतरल्या असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. आजार हाडांत पसरला असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच हालचाल करावी. छातीत दुखणे, पायांवर सूज, आडवे झाल्यावर धाप लागणे, चक्कर येणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबून त्वरित दवाखाना गाठावा.

आपल्याला चंक्रमण नवे नाही. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत; निरोगी राहणे हा त्यांपैकी एक. विहाराच्या अंगणात सायंकाळी फेऱ्या घालता येतात. पहिले काही दिवस रुग्णाबरोबर घरातले कोणीतरी असावे, आणि त्याने रुग्णाच्या चालीने चालावे.